झेंडूचा पिवळा आणि शीर्षकातला ‘पर्यावरणपूरक’

वनस्पतीजन्य रंगांवरचे चार-पाच शोधनिबंध सलग वाचले की सहावा न वाचताच सांगता येतो. एक फूल किंवा साल घ्यायची, वाळवायची, पाण्यात उकळून अर्क काढायचा. सुती किंवा लोकरी कापडाचे तुकडे तीन-चार रंगबंधकांत बुडवायचे, मग अर्कात. यंत्रावर रंगाची तीव्रता, म्हणजे के/एस मोजायची, धुलाईचा आणि उजेडाचा पक्केपणा तपासायचा. तक्ता, फोटो, निष्कर्ष. शीर्षकात कुठेतरी ‘पर्यावरणपूरक’ किंवा ‘शाश्वत’ असतंच.

यात खोटं काही नसतं. प्रयोग झालेले असतात, आकडे खरे असतात. माझा आक्षेप त्या शीर्षकातल्या शब्दावर आहे, कारण संपूर्ण निबंधात नेमकी तीच गोष्ट मोजलेली नसते.

हा विषय पीएचडीच्या प्रस्तावासाठी लोकप्रिय का, हे उघड आहे. साहित्य स्वस्त, यंत्रं बहुतेक विभागांत आहेत, फुलं फुकट. शिवाय पार्श्वभूमी लिहायला सोपी. 1856 मध्ये पर्किननं पहिला कृत्रिम रंग काढला, 1868 मध्ये मंजिष्ठेतलं अ‍ॅलिझरीन प्रयोगशाळेत तयार झालं, 1897 मध्ये बीएएसएफची कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि आपल्याकडचे रंगारी आणि निराळी या धंद्यातून बाहेर फेकले गेले. (पुण्यात ‘रंगारी’ म्हटलं की आता गणपतीच आठवतो; भाऊसाहेबांना ते नाव घराण्याच्या शालू रंगवण्याच्या धंद्यावरून मिळालं, हे विसरायला होतं.) मग 1994 मध्ये जर्मनीनं कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, 1997 मध्ये भारतानंही घातली, आणि नैसर्गिक रंगांवरच्या संशोधनाला जोर आला. इथपर्यंत सगळे निबंध सारखेच आणि बरोबर. पण अ‍ॅझो रंगांपैकी काही घातक आहेत, यावरून झेंडू निर्धोक आहे हे सिद्ध होत नाही. ती दुसरी गोष्ट वेगळी दाखवावी लागते.

उदाहरण समोर ठेवून बोलू. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक घ्या. भीमेकाठी, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. वर्षभर लोक येतात, फाल्गुन अमावास्येला पुण्यतिथीची गर्दी. हार आले, म्हणजे झेंडू आला, आणि संध्याकाळी त्याचं निर्माल्य झालं. आता कल्पना करा, कुणी प्रस्ताव लिहिला: ‘निर्माल्यातील झेंडूपासून सुती वस्त्रांची पर्यावरणपूरक रंगाई, आणि त्यातून महिला बचत गटांना रोजगार’. ऐकायला सुंदर. मीही असा प्रस्ताव आला तर लगेच नाही म्हणणार नाही. पण पानं उलटताना कुठे थांबावं लागेल, ते बघा.

पहिला थांबा नमुन्याचाच. निर्माल्य म्हणजे निव्वळ टॅजेटिस इरेक्टा नव्हे. त्यात शेवंती आहे, गुलाब आहे, दोरा आहे, जर आहे आणि मुख्य म्हणजे गुलाल, कुंकू, अष्टगंध आहे. बाजारातला गुलाल बहुतेक वेळा कृत्रिम रंगाचाच असतो. म्हणजे तुमच्या ‘नैसर्गिक’ अर्काच्या आलेखात जो उंचवटा दिसतोय, तो फुलाचा की गुलालाचा? बागेतून थेट तोडलेल्या झेंडूचा अर्क शेजारी ठेवल्याशिवाय याचं उत्तर नाही. निर्माल्यावरच्या कामात हा तुलनेचा नमुना नसेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा थांबा रेणूचा. झेंडूचा पिवळा म्हणजे ल्युटीन, असं प्रस्तावनेत सर्रास लिहितात. पाकळीत ल्युटीन भरपूर असतं हे खरं. पण ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. पाण्यात उकळून सुती कापडावर जो पिवळा चढतो, तो मुख्यतः क्वेर्सेटाजेटिन या फ्लॅव्होनॉलचा आणि त्याच्या भाऊबंदांचा. हा फरक किरकोळ नाही. कापडावर कोण बसलंय हेच माहीत नसेल तर ते टिकेल का, याचं कारण तुम्ही चुकीच्या रेणूत शोधत बसाल.

आणि टिकण्याचाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. इथे पट्ट्यांचा घोळ आधी समजून घ्या. धुलाईचा पक्केपणा 1 ते 5 मध्ये मोजतात, उजेडाचा 1 ते 8 मध्ये. त्यामुळे धुलाईला ‘3’ म्हणजे मध्यम, चालेल. उजेडाला ‘3’ म्हणजे कच्चा रंग. एकाच तक्त्यात दोन्ही तीन शेजारी-शेजारी ठेवून खाली ‘समाधानकारक पक्केपणा’ लिहिलेलं दिसलं, की समजा लिहिणाऱ्यानं वाचकाला गृहीत धरलंय.

1982 मध्ये पॅट्रिशिया क्रूज यांनी सतरा पिवळे वनस्पतीरंग लोकरीवर पाच रंगबंधकांसह तपासले. या विषयात येणाऱ्यानं हा जुना निबंध आधी वाचावा. त्यांना आढळलं की उजेडात रंग किती विटेल हे रंगापेक्षाही रंगबंधकावर जास्त अवलंबून असतं. तुरटी आणि कथिल वापरलं तर रंग जास्त विटतो. तांबं, लोह, क्रोम वापरलं तर कमी. आणि सतरांत सगळ्यात जास्त विटणाऱ्या तिघांत हळद, फस्टिक आणि आपला झेंडू.

यात खरी कोंडी आहे. तुरटी हाताळायला बऱ्यापैकी निर्धोक, पण तिच्यावरचा झेंडू उन्हात उडतो. मोरचूद रंग धरून ठेवतं, पण उरलेलं पाणी ओढ्यात गेलं तर तांबं जलचरांना विषारी. हिराकसही रंग धरतं, पण मग पिवळा राहतच नाही, शेवाळी होतो. क्रोमियमच्या लाल खड्यांबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे ‘पिवळा’, ‘पक्का’ आणि ‘निर्धोक’ हे तिन्ही एका कापडावर सहज येत नाहीत. या प्रकारच्या निबंधांत काय होतं? तक्त्यात सगळे नमुने असतात, पण गोषवाऱ्यात पक्केपणाचा चांगला आकडा मोरचुदाच्या तुकड्याचा येतो आणि ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तुरटीच्या तुकड्याच्या जोरावर. वाचणाऱ्याला वाटतं, एकाच कापडाबद्दल बोलणं चाललंय. परीक्षण करताना मी आता आधी हेच तपासते: गोषवाऱ्यातला प्रत्येक दावा तक्त्याच्या एकाच ओळीतून आलाय का?

पाण्याचा हिशोब तर कुणी करतच नाही, आणि तो पद्धतीच्या भागात दिलेल्या आकड्यांवरूनच करता येतो. कापड आणि पाण्याचं प्रमाण 1:40 दिलंय, असं धरा. एक किलो कापड, म्हणजे चार-पाच सुती ओढण्या, एका वेळेला 40 लिटर. खळ काढणं, हिरडा, तुरटी, रंग, शेवटची धुलाई: पाच वेळा. झाले 200 लिटर. त्यातलं एक पातेलं 25 अंशांवरून 80 वर न्यायचं तर उष्णता अजिबात वाया गेली नाही असं मानलं तरी अडीच युनिट ऊर्जा लागते; चुलीवर त्याच्या कितीतरी पट. कारखान्यात हेच प्रमाण बरंच कमी ठेवतात आणि मुरलेले रंगारी तेच पाणी पुन्हा वापरतात. प्रयोगशाळेत दर तुकड्याला नवं चंचुपात्र. मग ‘शाश्वत’ कोण?

हिरड्याचंही तसंच. सुती कापडाला तुरटी नीट धरत नाही म्हणून आधी हिरड्याचं टॅनिन लागतं. निबंधात तो ‘स्थानिक, सहज उपलब्ध’ या दोन शब्दांत उरकतात. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबांचं वर्षाचं गणित बाळहिरड्यावर असतं; 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात झाडं गेली तेव्हा भरपाईसाठी त्यांना झगडावं लागलं. रंगाईला पक्का हिरडा लागतो, पण झाडं तीच आणि गोळा करणारे हातही तेच. तो ‘टाकाऊ’ माल नाही, त्याला भाव आहे. फूल फुकट म्हणून रंगही फुकट, हे समीकरण इथेच मोडतं.

मग हे काम करूच नये का? उलट, करणारे करतायत. मुंबईत ‘आदिव प्युअर नेचर’ सिद्धिविनायक मंदिरातली फुलं वापरतं. तिथे पाकळ्या कापडावर ठेवून वाफवतात, त्यामुळे ठसा उमटतो आणि प्रत्येक कापड वेगळं निघतं. एकसारखा रंग देण्याचं आश्वासनच नाही, म्हणून त्यातला फरक हा दोष ठरत नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय नैसर्गिक रंगातली खादी विकतं, तिथे प्रश्न वेगळा: ग्राहकानं धुतल्यावर, उन्हात वाळत घातल्यावर काय? अशा ठिकाणी आठ दिवस राहिलं तर संशोधनाचे प्रश्न आपोआप बदलतात. के/एस किती हे तिथे कुणी विचारत नाही. मागच्या महिन्याच्या पिवळ्याशी या महिन्याचा का जुळत नाही, हे विचारतात.

जुनी साधनंही उघडा. जॉर्ज वॅटचा 1889 ते 1893 दरम्यान निघालेला आर्थिक उत्पादनांचा कोश, आणि खास मुंबई इलाख्यासाठी फॉसेटचा 1896 चा रंग व रंगाईवरचा ग्रंथ. वाचताना हे भान ठेवा की ही नोंद सरकारनं बाजारासाठी केलेली आहे. त्या काळच्या अशा नोंदींत कारागीर नावानं येत नाही, जातीनं येतो. तरी रंगाई हा पोटापाण्याचा धंदा होता या जाणिवेतून ते लिहिलेलं आहे. आजच्या निबंधातून ही जाणीवच गेली आहे. ‘बचत गटांना रोजगार’ हे शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य कुठल्याही मोजमापाशिवाय येतं.

वढूच्या त्या कल्पित प्रस्तावाकडे परत येते. तो माझ्याकडे आला तर मी पहिल्या वर्षी रंगाई करूच देणार नाही. बारा महिने दर आठवड्याला निर्माल्याचं वजन, त्यात झेंडू किती, दोरा-जर किती, निवडायला किती माणसं आणि किती तास, आणि तेच निर्माल्य खत करायला दिलं तर गावाला काय मिळतं. सुकवायला पावसाळ्यात जागा कुठे. दुसऱ्या वर्षी तुरटीवर रंगवलेली ओढणी दोन महिने कुणाला तरी खरंच वापरायला द्यायची आणि रंग पुन्हा मोजायचा. ती विटली, तर गटातल्या बाईनं गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायचे की नाही, याचं उत्तर प्रबंधात एका प्रकरणात हवं.