शिष्टाईतील न मांडलेला कागद

‘शिष्टाई’ हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की, तो उच्चारताच कौरवसभेत उभा राहिलेला श्रीकृष्ण डोळ्यांसमोर यावा. युद्धाचे वर्णन करणे लेखकाला तुलनेने सोपे असते. तेथे शस्त्रे बोलतात, एक पडतो, दुसरा उरतो. शिष्टाईचे तसे नाही. ज्याने अन्याय केला त्यालाच आसन द्यावयाचे, त्याच्याशी सभ्य शब्दांत बोलावयाचे, त्याच्या संमतीची अपेक्षा करावयाची, आणि हे सर्व करीत असता झालेल्या अन्यायाचा विसर पडू द्यावयाचा नाही, ही कसरत फार थोड्या लेखकांना साधते. खलपुरुषाशी होणारी वाटाघाट साहित्यात केव्हा खरी वाटते आणि केव्हा केवळ देवघेवीचा हिशेब ठरते, या प्रश्नाचा विचार मी येथे करणार आहे. त्यासाठी निवडलेली कृती मात्र वाचकांना काहीशी अनपेक्षित वाटेल. ती नाटक नव्हे, कादंबरीही नव्हे. ती संगणकावर खेळावयाची एक अद्भुतकथा आहे.

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ हा खेळ अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेने नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो, बदल्या होत होत चेन्नईला आलो, आणि गेल्या ईशान्य मोसमी पावसात, रस्त्यांवर पाणी साचून घराबाहेर पडणे अशक्य झाले असता, हा जुना खेळ पुन्हा उघडला. पोरवयात ज्या प्रसंगातून मी घाईने पुढे गेलो होतो, त्याच प्रसंगापाशी या खेपेस अडलो. ‘सीझन अनएंडिंग’ या नावाचा तो प्रसंग आहे.

कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. स्कायरिम हा बर्फाळ डोंगरांचा प्रांत. एका महायुद्धानंतर साम्राज्याने थालमोर नावाच्या परकीय सत्तेशी अपमानास्पद तह केला आणि त्या तहान्वये टालोस या लोकदैवताच्या पूजेवर बंदी आली. त्याविरुद्ध उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक या सरदाराने बंड उभारले. साम्राज्याचा सेनापती जनरल टुलियस ते मोडून काढण्यासाठी आला आहे. एवढ्यात आल्डुइन नावाचा जगाचा घास घेणारा ड्रॅगन परत येतो. त्याला गाठावयाचे तर दुसरा एक ड्रॅगन व्हाइटरन नगरातील राजवाड्यात पकडावा लागेल. पण युद्ध चालू असता तेथील अधिपती त्यास राजी नाही. तेव्हा दोन्ही पक्षांनी निदान तात्पुरता तह करावा म्हणून डोंगरमाथ्यावरील मठात बैठक भरते. तिचे यजमान वृद्ध तपस्वी, आणि मध्यस्थ म्हणजे खेळणारा, अर्थात आपण स्वतः.

या बैठकीत टुलियसबरोबर एक बाई येते. ती थालमोरची राजदूत एलेनवेन. आपण केवळ निरीक्षक आहोत, जुन्या तहाला बाध येईल असे काही ठरू नये एवढेच पाहण्यासाठी आलो आहोत, असे तिचे म्हणणे. तिला पाहताच उल्फ्रिक भडकतो. ती बसणार असेल तर आपण बसणार नाही असे तो सांगतो, आणि तिला ठेवावे की घालवावे याचा निर्णय आपल्यावर येतो. वाटाघाटीचा पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वी आसनावरून भांडण व्हावे, हे लेखकांनी अचूक टिपले आहे. कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे सांगावयास नको. कोण कोठे बसणार आणि कोणाला मुळी बोलवावयाचेच नाही, हे ठरले की निम्मी बैठक झालेली असते. त्यानंतरचे मार्कार्थ नगराची मागणी, तिच्या बदल्यात दुसरे नगर, दोन्हीकडच्या हाताखालच्या माणसांची कुरकुर, आणि शेवटी एस्बर्न या म्हाताऱ्याने सर्वांना झाडलेले फटकारे, हेही रंगले आहे. जग बुडत असता तुम्ही गावांची वाटणी करीत बसला आहात, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे आणि तो मनाला लागतो.

येथवर सर्व ठीक. आक्षेप पुढे आहे.

या बैठकीपूर्वी, कथेच्या ओघात, खेळणारा थालमोरच्या वकिलातीत लपून शिरतो आणि तेथे त्याला काही गोपनीय कागद सापडतात. त्यांपैकी एक उल्फ्रिकविषयी आहे. महायुद्धात तो थालमोरच्या कैदेत होता, त्याची चौकशी एलेनवेननेच केली, साम्राज्याची राजधानी पडली ती त्याने छळाखाली दिलेल्या माहितीमुळे असे त्याच्या मनावर बिंबवण्यात आले, आणि मग त्याला पळून जाऊ देण्यात आले, हे सारे त्या कागदात नमूद आहे. वस्तुतः तो फुटण्यापूर्वीच राजधानी पडली होती. त्याच कागदावर हेही लिहिलेले आहे की, यादवी अशीच अनिर्णित चालू आहे तोवर थालमोरने हात घालण्याचे कारण नाही. म्हणजे निरीक्षक म्हणून येऊन बसलेली ही बाई एका पक्षाची जुनी छळकर्ती आहे, आणि दोन्ही पक्षांचे भांडण हेच तिचे उत्पन्न आहे.

वाचकांनी या प्रसंगाचे सामर्थ्य लक्षात घ्यावे. एक माणूस खोट्या अपराधाचे ओझे अनेक वर्षे वाहत आहे. ते ओझे ज्या व्यक्तीने त्याच्या पाठीवर ठेवले ती त्याच्यासमोर बसली आहे. ते खोटे असल्याचा पुरावा मध्यस्थाच्या पिशवीत आहे. नाटककाराला याहून अधिक काय हवे? परंतु तो कागद बैठकीत मांडण्याची सोयच खेळात नाही. उल्फ्रिकला तो दाखवता येत नाही, टुलियसपुढे ठेवता येत नाही, एलेनवेनला त्याविषयी विचारता येत नाही. आपण फक्त नगरे इकडची तिकडे करावयाची. लेखकांनी जखम निर्माण केली, तिचा कागद केला, तो आपल्या हाती दिला, आणि नेमकी जेथे ती उघडी पडावयाची त्या खोलीत तिला मज्जाव केला.

याच्या उलट उदाहरण दूर शोधावयास नको. भासाच्या नावावर असलेली नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी टी. गणपतिशास्त्री यांना पद्मनाभपुरमजवळील मणलिक्कर मठात ताडपत्रांवर मिळाली आणि १९१२ पासून ती त्रिवेंद्रमहून छापली गेली. पद्मनाभपुरम आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, तेव्हा इकडे नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींना या नाटकांविषयी अधिकच आपुलकी वाटावयास हरकत नाही. त्यांतील ‘दूतवाक्य’ हे एकांकी नाटक कृष्णशिष्टाईवर आहे. कृष्ण येत आहे असे कळताच दुर्योधन हुकूम सोडतो की, जो कोणी उठून उभा राहील त्याला बारा सुवर्णभार दंड होईल. आसनाचे भांडण येथेही आहेच! आणि स्वतःला उठावे लागू नये म्हणून तो एक चित्रपट मागवून त्यात दृष्टी गुंतवतो. ते चित्र द्रौपदीच्या केशग्रहणाचे आहे. कृष्ण सभेत येतो, सारी सभा गडबडून उठते, आणि दंडाची भाषा करणारा दुर्योधन स्वतःच आसनावरून खाली येतो. कृष्णाची दृष्टी चित्राकडे जाते, आणि ते दूर करावयास तो सांगतो. त्यानंतर राज्याच्या अर्ध्या भागाची बोलणी सुरू होतात.

नाटककाराची समज येथे पाहावी. जखम सभेच्या मध्यभागी आणली आहे, आणि ती खलपुरुषाने स्वतःच आणली आहे. आता कृष्ण कितीही सौम्य बोलला तरी त्या बोलण्याच्या मागे ते चित्र राहतेच. चित्र हलवले जाते, पण प्रेक्षकाच्या मनातून हलत नाही. व्यासांनी हेच निराळ्या रीतीने साधले आहे. उद्योगपर्वात कृष्ण हस्तिनापुराला निघण्यापूर्वी भीमदेखील मवाळ बोलू लागतो. तेव्हा द्रौपदी आपले केस हातात घेऊन कृष्णासमोर येते आणि संधीची बोलणी करताना हे केस ध्यानात असू देण्यास त्याला बजावते. दूत निघतो तो हे स्मरण बरोबर घेऊन. शिष्टाई म्हणजे विस्मरण नव्हे, हा आपल्या परंपरेचा निर्वाळा आहे.

खेळाच्या वतीने दोन गोष्टी सांगितल्या जातील. पहिली अशी की, प्रत्येक खेळणारा वेगळ्या वाटेने येतो. कोणी तो कागद वाचला असेल, कोणी नसेल. लेखकाने किती शक्यता लिहावयाच्या? परंतु कोणते नगर या घटकेला कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद हाच खेळ काटेकोरपणे ठेवतो आणि त्याप्रमाणे मागण्या बदलतो. ज्याला नगरे मोजता येतात त्याला एक कागद मोजता आला नसता असे म्हणवत नाही. दुसरी गोष्ट अशी की, कागद मांडला असता तर तह मोडला असता आणि कथा अडली असती. मला वाटते दोषाचे मूळ येथेच आहे. मी ही बैठक दोनदा खेळलो. एकदा उल्फ्रिकला झुकते माप दिले, एकदा टुलियसला. कुरकुर बदलली, तह मात्र दोन्ही वेळा झालाच. जी शिष्टाई फसूच शकत नाही ती शिष्टाई कसली? कृष्णाची शिष्टाई फसते. ती फसण्याचा संभव ओळखूनच तो जातो. समर्थ असूनही कृष्णाने अडवले नाही असा दोष लोकांनी देऊ नये, म्हणून आपण आलो, असे तो विदुराला स्पष्ट सांगतो. यश हाती नसतानाही बोलण्याला अर्थ असतो, हे त्या अपयशातूनच कळते.

एका खेळातील एका प्रसंगाविषयी मी इतके का लिहावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात कर्मचारी आणि प्रशासन यांच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. आमच्या एका वयस्क सहकाऱ्याला ज्या अधिकाऱ्याने सर्वांदेखत अपमानित केले होते, तो अधिकारी त्या बैठकीत सल्लागार म्हणून बसला होता. सहकाऱ्याचा लेखी अर्ज माझ्या फाइलमध्ये होता. तो विषयपत्रिकेवर नव्हता, आणि विषयपत्रिकेवर नसलेले बोलण्याचा अधिकार इतिवृत्त लिहिणाऱ्याला नसतो. बैठक सुरळीत पार पडली. इतर साऱ्या मागण्यांवर समेट झाला, सह्या झाल्या, चहा आला. मी इतिवृत्त निर्दोष लिहिले. तो अर्ज पुढे यथाक्रम दप्तरी दाखल झाला. सहकारी निवृत्त होऊन गावी गेले. त्यांनी मला त्याविषयी कधी विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही.

म्हणून पावसातल्या त्या रात्री, पिशवीत कागद असून तो मांडण्याची सोय नाही हे पडद्यावर दिसले, तेव्हा मला खेळाचा राग आला. मागाहून विचार करता वाटले की, प्रत्यक्ष जगात अशाच बैठका अधिक होतात, तर मग खेळाने खोटे काय दाखवले? खोटे एवढेच की, खेळाला त्याची खंत नाही. कागद न मांडल्याची बोच त्याने कोणाच्याही तोंडी ठेवली नाही. ती ठेवली असती तर हाच दोष गुण ठरला असता.

चेन्नईहून कांचीपुरमला जाणे हे फार दूरचे काम नव्हे. तेथे पांडवदूत पेरुमाळ या नावाचे विष्णुमंदिर आहे. पांडवांचा दूत म्हणून गेलेला कृष्ण तेथे बसलेल्या रूपात आहे, आणि मूर्ती सुमारे पंचवीस फूट उंच आहे. स्थलकथा अशी की, दुर्योधनाने दूतासाठी मांडलेल्या आसनाखाली खड्डा खणून त्यात मल्ल दडवले होते. कृष्ण बसला, आसन खचले, आणि त्याने विश्वरूप प्रकट केले. गाभाऱ्यात उभे राहून वर पाहताना मला त्या विराट रूपापेक्षा त्याचे बसणे अधिक महत्त्वाचे वाटले. आसनाखाली काय आहे हे जाणूनही तो बसतो, आणि मग आसनाखाली काय आहे ते साऱ्या सभेला दिसते. शिष्टाईचे सारे मर्म या एका मूर्तीत आले आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. आपल्या पुराणांतील देवदेवता, असुर आणि भावाचा शोध घेणारी एक धाडसी मुलगी त्यात आहे. त्यातील महाबलासुराशी सामना आहे तो शस्त्राचा. ते त्या कथेला शोभूनही दिसते. परंतु मराठी मुलखात हे तंत्र आता हाती आले आहे, आणि उद्योगपर्व तर घरचेच आहे. उद्या कोणी शिष्टाईचा खेळ रचला, तर खेळणाऱ्याच्या हाती गावांची यादी खुशाल द्यावी. पण त्याच्या पिशवीतला कागदही त्याला सभेत मांडू द्यावा, आणि तो न मांडता जो उठेल त्याला सभा संपल्यावर घरी जाताना त्याचे ओझे जाणवू द्यावे.