सांबाराची तंजावरी जन्मकथा : एक चिकित्सा

एखाद्या पदार्थाच्या जन्मस्थानाविषयी दोन प्रांतांत चालणारा वाद हा बहुधा थट्टेचा विषय मानला जातो. श्रीखंड मराठी की गुजराती, पुरणपोळी आधी की कानडी होळिगे आधी, असले प्रश्न पंगतीत निघतात आणि पंगतीबरोबरच उठतात. त्यांत कटुता नसते. शेजाऱ्याच्या ताटातील गोडी मान्य करूनच त्यावर हक्क सांगितला जातो. तथापि या लाडिक स्पर्धेतून कित्येक कथा जन्मास येतात, आणि वारंवार सांगितल्या गेल्या म्हणजे त्यांस इतिहासाची प्रतिष्ठा लाभते. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी दरबारात झाला, ही कथा या वर्गात मोडते. तमिळ माणसाच्या नित्याच्या जेवणातील पदार्थास मराठी छत्रपतींचे नाव मिळाले आहे, ही कल्पना मराठी मनास सुखावणारी आहे. म्हणूनच तिची तपासणी मराठी अभ्यासकाने करणे अधिक अगत्याचे ठरते.

१

कथेचा सांगाडा असा आहे. तंजावरचे राजे शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्याकडे त्यांचे चुलतबंधू छत्रपती संभाजी पाहुणे म्हणून आले. आमटीसाठी लागणारी आमसुले संपली होती, म्हणून चिंचेचा कोळ घालण्यात आला; मुगाऐवजी तुरीची डाळ शिजविण्यात आली; आणि पाहुण्यांच्या सन्मानार्थ या नव्या पदार्थास ‘सांबार’ हे नाव पडले.

या कथेस पाठभेद पुष्कळ आहेत. कोठे शहाजी स्वतः पाकनिपुण असून तेच हा प्रयोग करतात. कोठे चिंचेची सूचना आचारी करतो. कोठे पाकसिद्धी खुद्द संभाजीराजांच्या हातून होते. मौखिक कथेत पाठभेद असणे स्वाभाविक आहे, आणि एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही. परंतु काय बदलते आणि काय स्थिर राहते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. कर्ता बदलतो, प्रसंग बदलतो. चिंच आणि नाव मात्र बदलत नाहीत. एखाद्या प्रत्यक्ष घटनेची स्मृती टिकली असती, तर कर्ता आणि प्रसंग प्रथम टिकले असते. जी कथा केवळ नामाचे स्पष्टीकरण देण्याकरिता रचली जाते, तिच्यात नामच तेवढे अढळ राहते.

कालदृष्ट्याही कथा अडचणीत येते. शहाजी गादीवर आले १६८४ मध्ये, आणि छत्रपती संभाजींचा वध झाला ११ मार्च १६८९ रोजी. म्हणजे भेटीस अवकाश उरतो तो अवघ्या पाच वर्षांचा. याच काळात औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून होता. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा. अशा दिवसांत रायगडाच्या छत्रपतींनी तंजावरास जाणे ही घरगुती भेट राहिली नसती, तो मोठा राजकीय प्रसंग झाला असता. कथा मात्र ना वर्ष सांगते, ना निमित्त.

२

कालापेक्षाही मोठी अडचण कथेच्या अंतरंगात आहे. तमिळ प्रदेशात चिंच, म्हणजे ‘पुळि’, ही प्राचीन काळापासून नित्याच्या वापरातील वस्तू आहे. चिंचेच्या कोळात शिजविलेले ‘कुळंबु’ हे तेथील मूळचे कालवण, आणि सांबार हा त्याचाच डाळ घातलेला एक प्रकार होय. कर्नाटकात याच कुळातील ‘हुळी’ आहे. तेव्हा तंजावरच्या मुदपाकखान्यात चिंच वापरणे ही आयत्या वेळी सुचलेली युक्ती असू शकत नाही. देशावरच्या मराठी स्वयंपाकातही चिंचगुळाची आमटी परकी नाही. आमसूल हे कोकणचे फळ. ज्याच्या घरी आमसूल हा नियम आणि चिंच हा अपवाद, त्यालाच या कथेतील चिंच नवलाची वाटेल. कथा घडते तंजावरात. परंतु ती सांगणाऱ्याची नजर कोकणच्या पाटावरून पाहणारी आहे.

३

आता नामाचा विचार. संभाजी या नावावरून ‘सांबार’ साधणे ही उघड लोकव्युत्पत्ती आहे. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे एकत्र जुळविलेले साहित्य, सामग्री. हा शब्द पाकक्रियेच्या परिभाषेत शिरल्यावर त्याने प्रांतोप्रांती निरनिराळे अर्थ घेतले. केरळात ‘संभारम्’ म्हणजे आले, मिरची, कढीपत्ता घातलेले ताक. गुजरातेत ‘संभारो’ म्हणजे कोबी, गाजर यांसारख्या भाज्या फोडणीवर परतून केलेले तोंडीलावणे. विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. नागपूरकडील सांबारवडी हे नाव त्यावरूनच पडले. मालवणकडे काळ्या वाटाण्याचे सांबार होते, आणि त्यात तुरीच्या डाळीचा संबंध नसतो. या सर्व अर्थांच्या मुळाशी, रुची आणण्यासाठी एकत्र केलेला मसाला अथवा साहित्य, ही एकच कल्पना आहे. तमिळ लिपीत महाप्राण वर्णांस स्वतंत्र अक्षर नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘संभार’ शब्दातील भकाराचा बकार होण्यातही काही विशेष राहत नाही. एका राजाच्या नावावरून तंजावरच्या कालवणाचा उलगडा कदाचित होईल. परंतु केरळचे ताक, गुजरातेतील भाजी आणि वऱ्हाडातील कोथिंबीर यांचा उलगडा त्यावरून होणार नाही. जे स्पष्टीकरण सर्व उदाहरणांस लागू पडते, तेच ग्राह्य मानले पाहिजे.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. शब्द जुना असला म्हणून वस्तू तितकीच जुनी ठरत नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘इड्डरिका’ हा पदार्थ येतो. परंतु तो उडदाच्या पिठाचा आहे, त्यात तांदूळ नाही. नाव इडलीच्या जवळचे, वस्तू निराळी. सांबाराचेही तसेच आहे. आज त्यास अपरिहार्य वाटणारी लाल मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या देशात रुजली, आणि टोमॅटो तर तिच्याही नंतरचा. तेव्हा ‘सांबार कोणी शोधले’ हा प्रश्नच सदोष आहे. एका दिवशी, एका चुलीवर, एका व्यक्तीच्या हातून पूर्णत्वास गेलेली वस्तू त्यात गृहीत धरलेली असते.

४

कथा पुरावा म्हणून टिकत नाही, याचा अर्थ तंजावरच्या मराठी मंडळींचे पाकपरंपरेतील ऋण नाकारावे असा नव्हे. ते ऋण सिद्ध करण्याची साधने निराळी आहेत. तमिळनाडूत आणि कर्नाटकात ‘वांगीभात’ हे नाव रूढ आहे. वांग्यास तमिळात ‘कत्तिरिक्काय’ आणि कानडीत ‘बदनेकायि’ म्हणतात. अर्थात नामातील ‘वांगी’ मराठीतून गेली, ती तंजावरमार्गे असो वा कर्नाटकाच्या सीमेवरून. उडदाचे पीठ दह्यात कालवून होणाऱ्या ‘डांगर पचडी’तील पहिला शब्द मराठी आणि दुसरा दक्षिणेकडील. ग्रंथांचा आधारही आहे. रघुनाथसूरीचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून, तंजावरच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाशी रघुनाथाचा असलेला संबंध प. कृ. गोडे यांनी दाखवून दिला आहे. दुसऱ्या सरफोजींच्या काळातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केला आहे. सांबाराची कथा सांगणाऱ्यांस या ग्रंथांची आठवण क्वचितच होते. कथा सोपी असते. पोथी वाचावी लागते.

५

मग या कथेचे मोल काय? इतिहास म्हणून ते नगण्य आहे; कथा म्हणून मात्र नाही. तिने केलेली वाटणी पाहण्यासारखी आहे. भूमी तमिळ, चिंच तमिळ; यजमान मराठी, नाव मराठी. एकाही पक्षास ती रिक्तहस्ते पाठवीत नाही. संघर्षाच्या जागी तिने पाहुणचार योजला आहे. रसगुल्ल्याच्या वादात बंगाल आणि ओडिशा यांस भौगोलिक निर्देशांकाच्या नोंदणीपर्यंत जावे लागले. २०१७ मध्ये ‘बांग्लार रसोगोल्ला’ आणि २०१९ मध्ये ‘ओडिशा रसगोला’ अशा दोन स्वतंत्र नोंदी झाल्या. म्हणजे कायद्यानेही आद्यत्वाचा निवाडा केला नाही, दोन प्रांतांच्या दोन रीती तेवढ्या मान्य केल्या. लोककथेने सांबाराच्या बाबतीत ही तडजोड विनाकचेरी केली आहे.

परंतु या कथेत एक सूक्ष्म उणीव उरते, आणि तिची दखल घेणे भाग आहे. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मधील आपल्या निबंधात दाखविले आहे की, भारताचा राष्ट्रीय पाक प्रांतिक पाकांस पुसून टाकून घडत नाही. तो त्यांच्या निवडक नमुन्यांतून घडतो. उडुपी हॉटेलांनी सांबार देशभर नेले, आणि ते ‘दक्षिणी’ जेवणाचे प्रतीक बनले. हक्क सांगितला जातो तो अशा प्रतिष्ठा पावलेल्या पदार्थावर. काळ्या वाटाण्याच्या सांबारावर कोणी राजाचे नाव कोरीत नाही. वऱ्हाडातील सांबारवडीच्या जन्माची कथा कोणी रचीत नाही. शेजाऱ्याच्या पातेल्यावर मराठी नाव शोधण्याच्या भरात, मराठीच्या स्वतःच्या पोटभाषांनी जपलेला तोच शब्द उपेक्षित राहिला. तंजावरच्या कथेने मराठी अभिमानास जे दिले, त्याहून अधिक प्रामाणिक असे काही मालवणच्या चुलीवर आणि वऱ्हाडच्या भाजीबाजारात आहे. त्याची नोंद करण्यास छत्रपतींच्या भेटीची आवश्यकता नाही; बोलीचा अभ्यास पुरेसा आहे.