आठवण की विचारपूस?

मुखेड, कंधार, जळकोट या डोंगराळ भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी उसतोडीला जातात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपला की परततात. समजा, अशा एका जोडप्यातील बाईला एचआयव्हीची लागण आहे. तिचे नाव नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय एआरटी केंद्रात नोंदलेले आहे. घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. त्या फोनवर दर आठवड्याला ‘गोळी चुकवू नका’ असा निरोप येऊ लागला, तर तिचा औषधोपचार नियमित होईल का?

मोबाईल घरोघर पोचल्यापासून ‘होईल’ हे उत्तर आपण गृहीतच धरतो. गृहीत धरलेल्या गोष्टी तपासून पाहणे हे विज्ञानाचे काम, आणि तशी तपासणी झालेली आहे.

आधी हे पाहू, की नियमितपणाला एवढे महत्त्व का? एचआयव्हीचा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना वरचेवर चुका करतो. रक्तात औषध पुरेसे असेल तर प्रती काढणे जवळजवळ थांबते. ते वारंवार कमी पडले, तर अशा चुकीतून निपजलेला एखादा प्रकार औषधाला दाद देईनासा होतो आणि पुढे तोच वाढतो. आपल्याकडे शासकीय केंद्रांतून ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आता बहुतेकांना तीन औषधे असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. पण ती आयुष्यभर.

बंगळूरच्या एका अभ्यासात १५० रुग्णांना सहा महिने दर आठवड्याला ध्वनिमुद्रित फोन आणि चित्रसंदेश पाठवले. औषध नीट घेणाऱ्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. फोनचा गुण आला, असे आपण लगेच म्हणू. पण येथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आपल्याकडे कोणी पाहत आहे एवढ्यानेही माणूस नीट वागतो!

पुढे दक्षिण भारतातील तीन केंद्रांत ६३१ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर फोन व चित्रसंदेश, दुसऱ्याला फक्त नेहमीचा उपचार. दोन वर्षे रक्तातील विषाणू मोजले. शंभर रुग्ण वर्षभर पाहिले तर उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण फोनवाल्या गटात १०.५२ आणि दुसऱ्या गटात १०.७३ आले. म्हणजे फरक नाहीच! हे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

मग मोबाईल निरुपयोगी का? तसेही नाही. केनियात ५३८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अर्ध्या रुग्णांना आठवड्यातून एकदा ‘माम्बो?’ एवढाच संदेश जाई. स्वाहिली भाषेत याचा अर्थ ‘कसे काय?’ गोळीचे नावही नाही. रुग्णाने ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ असे कळवायचे. अडचण असली किंवा उत्तरच आले नाही, तर दवाखान्यातील कर्मचारी स्वतः फोन करीत. या गटात ५७ टक्के रुग्णांचे विषाणू आटोक्यात आले, दुसऱ्या गटात ४८ टक्के. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी, तेव्हा फरकाचे कारण हेच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी एक गोष्ट नजरेत भरते: बंगळूरला यंत्र आठवण करून देत होते, केनियात माणूस विचारपूस करीत होता.

महाराष्ट्रासह काही राज्यांत क्षयरोग आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी मिस्ड कॉलची युक्ती वापरली गेली. पाकिटातून गोळी काढली की एक दडलेला नंबर दिसे, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. युक्ती स्वस्त आणि हुशारीची. पण मुंबई, चेन्नई व वेल्लोर येथे क्षयरुग्णांच्या लघवीत औषध आहे का हे तपासले, तेव्हा फोनची नोंद आणि लघवीची तपासणी पुरेशी जुळली नाही. मिस्ड कॉलने फोन केल्याचे कळते, गोळी गिळल्याचे नाही.

आता आपल्या उसतोड जोडप्याकडे वळू. ती बाई गोळी विसरते म्हणून चुकवते का? की गोळ्या संपल्या, केंद्र दूर राहिले, कोपीत शेजारणींच्या देखत डबी काढवत नाही, म्हणून? विसरण्यावर आठवण हा उपाय आहे. या दुखण्यांवर नाही. उलट नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हाती पडलेला निरोप तिचे गुपित फोडील. रुग्णाच्या संमतीवाचून त्याची लागण उघड करू नये, असे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही सांगतो. निघण्यापूर्वी ‘कोठे जाणार, किती महिने?’ असे विचारून पुरेशा गोळ्या देणे, कारखान्याजवळच्या केंद्राची सोय करून देणे, आणि मग तिला चालेल त्या वेळी ‘कशी आहेस?’ असा फोन करणे, हा क्रम अधिक शहाणपणाचा वाटतो.

वर्गात कोणत्याही नव्या साधनाची स्तुती वाचली, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: तुलनेचा गट कोठे आहे? नेमके मोजले काय? आणि ज्याच्यासाठी हे साधन आहे, त्याची खरी अडचण कोणी विचारली का? तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो.