सामानाचा आकार आणि तपासणीचा भार

विमानतळावरील सुरक्षा-तपासणीच्या रांगा लांबल्या म्हणजे प्रवाशांच्या सवयींवर ठपका ठेवला जातो. परंतु सवय ही नेहमी स्वभावातूनच उद्भवते असे नाही. पुष्कळदा ती दरपत्रकातून उद्भवते. अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

२००८ साली इंधनाचे भाव भडकले असता अमेरिकन एअरलाइन्सने कोठीत ठेवावयाच्या पहिल्या बॅगेवर १५ डॉलर आकार बसविला. इतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले आणि कोठीतले पुष्कळसे सामान प्रवाशांच्या हाती आले.

कोठीतल्या सामानाचीही तपासणी होतेच. तेव्हा भार वाढला नाही, त्याची केवळ जागा बदलली, असा युक्तिवाद संभवतो. तो अपुरा आहे. कोठीतले सामान बहुधा प्रवाशाच्या पश्चात स्फोटकशोधक यंत्रातून जाते. त्यात चाकू किंवा तेलाची मोठी बाटली असली तरी बिघडत नाही. हातसामानात त्याच वस्तू निषिद्ध ठरतात. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये उघडकीस आलेल्या कटानंतर द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. म्हणजे निर्बंध कडक झाल्यानंतर दोनच वर्षांत सामान त्या निर्बंधांच्या कक्षेत लोटले गेले. शिवाय ठासून भरलेल्या बॅगेत वस्तूंच्या क्ष-किरण-प्रतिमा एकमेकींवर पडतात. क्वचितच आढळणारी वस्तू शोधताना ती नजरेतून सुटण्याचा संभव वाढतो, हे जेरेमी वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रयोगाने दाखविले. तेव्हा निरुपद्रवी वस्तूंची गर्दी हा केवळ वेळेचा प्रश्न नव्हे.

या आकारामुळे तपासणीचा खर्च वर्षाला सुमारे २६ कोटी डॉलरांनी वाढतो, असे अंतर्गत सुरक्षा खात्याच्या तत्कालीन मंत्री जॅनेट नापोलितानो यांनी २०११ मध्ये काँग्रेसपुढे सांगितले. सुरक्षा-शुल्क वाढवू पाहणाऱ्या पक्षाचाच हा आकडा असल्याने तो सावधपणे स्वीकारावयास हवा. परंतु आकडा वादग्रस्त मानला तरी योजलेला उपाय सदोषच ठरतो. २०१४ मध्ये हे शुल्क एकेरी प्रवासास ५.६० डॉलर झाले. ते बॅगेवर नसून प्रवासावर आहे. रिकाम्या हाताने जाणाराही तितकेच देतो. त्यातील काही भाग तर राष्ट्रीय अर्थसंकल्पातील तूट कमी करण्याकडे वळविण्यात आला. उलट सामानाचा आकार विमानकंपनीच्या पदरी पडतो, आणि देशांतर्गत तिकिटावरील साडेसात टक्क्यांचा करही त्यास लागू नाही.

दीर्घकाळ अपवाद राहिलेल्या साउथवेस्ट एअरलाइन्सनेही मे २०२५ मध्ये असा आकार सुरू केला. त्रिमितीय प्रतिमा देणारी नवी यंत्रे तपासनिसाचे काम सुकर करतील. मात्र सामान हाती येण्याचे कारण त्यांनी दूर होणार नाही. लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. ती तशीच ठेवून प्रवाशाला शिस्तीचे धडे देणे म्हणजे परिणामालाच कारण समजणे होय.