काचेवरचा वसंत

डेव्हिड हॉक्नी या इंग्लिश चित्रकाराने सत्तरी उलटल्यावर, २००९ साली, फोनच्या काचेवर बोटाने चित्रे काढावयास आरंभ केला. पहाटेचा सूर्य, फुलदाणीतील फुले रेखाटून तो लागलीच मित्रांस धाडीत असे. पुढे २०११ मध्ये यॉर्कशायरातील वोल्डगेटच्या वाटेवरील वसंतागमनाची ५१ चित्रे त्याने आयपॅडवर सिद्ध केली; २०१२ साली ती लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठ्या कागदांवर छापून मांडली गेली.

त्यांतील ओलसर हिरवा रंग आम्हांस मोहवितो. परंतु मोठ्या आकारात कित्येक फांद्या निसरड्या वाटतात. कागद कुंचल्याला अडवितो, काच अडवीत नाही. तो अडथळा हातानेच सरावाने निर्माण करावा लागतो. लहानशा पडद्यावर चित्र पाहणाऱ्या स्नेह्यांस हे वैगुण्य दिसावे कसे? आणि स्नेह्यांचे कौतुक हे परीक्षणही नव्हे.

हॉक्नीच्या साधनात मात्र संपूर्ण चित्र फटकाऱ्यागणिक पुन्हा उलगडून पाहता येई. आमच्या तरुण चित्रकारांनी तयार चित्राऐवजी हे उलगडणेच एकमेकांपुढे ठेवावे. भजनात ताल सुटताच शेजारचा टाळकरी सावरतो, तसा हात कोणत्या रेषेपाशी घाईला आला हे सोबत्याला तेथेच बोट ठेवून दाखविता येईल.