काऊचिऊची गोष्ट आणि बंद दार

मुक्या जीवांविषयीची करुणा हा मराठी वाङ्मयाचा जुना विषय आहे. पण ही करुणा बहुधा क्रौर्याच्या प्रसंगी जागी होते. रेव्हरंड टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत घायाळ पक्षीण पिलांपाशी येऊन पोहोचते, तेव्हा वाचकाचा रोष कोणाकडे वळावा याविषयी शंकाच उरत नाही. परंतु थंडीच्या रात्री पडवीत राहून गेलेले मांजराचे पिलू किंवा गॅलरीत विसरलेला लव्हबर्डचा पिंजरा, येथे शिकारी कोणीच नसतो. कडी लावणारा हात मायेचाच असतो. अशा अपराधरहित अपराधाचे चित्रण आमच्या वाङ्मयात कोठे आहे काय? आमच्या मते ते आहे, आणि प्रत्येक मराठी मुलाने ते शाळेत येण्यापूर्वीच ऐकलेले आहे. ते म्हणजे काऊचिऊची गोष्ट.

कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो भिजून, कुडकुडत चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी नकार देत नाही. बाळाला न्हाऊ घालणे, अंग पुसणे, काजळ घालणे, निजविणे अशा एकेका कामासाठी ती त्याला थांबवून ठेवते. या कथेचे सारे मर्म आम्हांस याच थांबविण्यात दिसते. चिमणीने सांगितलेले प्रत्येक काम खरे आहे आणि वात्सल्याचेही आहे. आतल्या पिलाची माया बाहेरच्या जिवाचा विसर पाडते, एवढेच कथाकाराने दाखविले आहे. ऐकणारे मूल प्रथम प्रत्येक सबबीला हसते, आणि मग हळूहळू त्याचे लक्ष दाराबाहेर जाते.

ही कथा किती जुनी आहे हे अभ्यासकांस विदितच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त साळई आणि कावळा यांच्या रूपाने ती चक्रधरांच्या मुखी आली आहे. त्याच ग्रंथात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेल्या सशाला स्वामींनी मांडीखाली आश्रय दिल्याची लीळा आहे. चक्रधर मूळचे भडोचकडचे. आम्हां बडोदेकरांना त्यामुळे या दोन्ही कथा अधिकच जवळच्या वाटतात. त्या एकत्र वाचल्या म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. सशाला संकटातून सोडविण्यास धैर्य लागते. कावळ्यासाठी नुसते उठून दार उघडावयाचे असते. महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर आपल्या श्वानाला बाहेर ठेवून स्वर्गात जाणे नाकारतो, परंतु तो श्वान शेवटी साक्षात् धर्म ठरतो. आमचा कावळा अखेरपर्यंत कावळाच राहतो. त्याच्यासाठी दार उघडून काहीच पुण्य पदरी पडत नाही. लोककथेचे श्रेष्ठत्व आम्ही येथेच मानतो.

कित्येक घरांत ही कथा अशी संपते, की अखेर दार उघडल्यावर गारठलेला कावळा ऊब घेण्यास तापलेल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. हा शेवट निव्वळ विनोदाचा समजणे बरोबर नव्हे. लहान शरीराचे वजन थोडे आणि त्या मानाने पृष्ठभाग अधिक. म्हणून त्याची ऊब झपाट्याने निघून जाते, आणि पिसे वा केस भिजले तर अधिकच. चिमणीचे वजन अवघे पंचवीस-तीस ग्रॅम. नुकत्याच जन्मलेल्या मांजराच्या पिलाला तर पहिले काही आठवडे स्वतःची ऊब स्वतः राखताच येत नाही. असा जीव गारठला तर त्याला कोरड्या कापडात गुंडाळून हळूहळू ऊब द्यावी लागते. एकदम विस्तवाजवळ नेल्यास अपायच होतो. उशिरा आलेली दया घाईची असते आणि ती भाजते, हे सत्य त्या तव्यात आहे.

आता शिक्षकबंधूंस एक विनंती. कथा संपताच आपण तात्पर्य विचारतो, आणि ‘घर पक्के बांधावे’ असे ठरीव उत्तर येते. हे तात्पर्य आत बसलेल्यांच्या सोयीचे आहे. त्याने सारा दोष भिजणाऱ्याच्या माथी जातो. आमच्या हरणीला जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पाणी गोठत नाही, म्हणून थंडी लहान जिवांना बाधत नाही असे मोठ्यांस वाटते. कधीही दगड न मारणारा गुणी विद्यार्थीही भिजलेले पिलू ओसरीवर विसरून निजू शकतो, कारण दया म्हणजे क्रौर्य न करणे, एवढेच आपण त्यास शिकविले. १९६० च्या प्राणी-क्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राण्यास पुरेसा निवारा न देणे हेदेखील क्रौर्यात गणले आहे. कायद्याने एका कलमात सांगितलेली ही गोष्ट आजीबाई शतकानुशतके सांगत आल्या. म्हणून वर्गात तात्पर्य न विचारता एवढेच विचारावे : बाळाची न्हाणी होईपर्यंत कावळा बाहेर किती वेळ उभा होता? मुले मोजू लागतील, आणि तेवढे मोजणे पुरेसे आहे.