वाचकाचं पत्र आणि लेखकाचं टेबल

लेखक लिहितो तो स्वतःसाठी की वाचकासाठी, हा प्रश्न आपल्याकडच्या परिसंवादांत इतक्या वेळा येतो, की त्याचं उत्तर देताना वक्त्यालाच जांभई यावी. ‘मी स्वतःसाठी लिहितो’ हे उत्तर ऐकायला भारदस्त वाटतं. पण तसं म्हणणारा लेखकसुद्धा पोस्टमनची वाट बघत असतो. तेव्हा आज मी प्रश्न जरा बदलून घेतो. वाचकाचा प्रतिसाद लेखकाला नेमकं काय देतो? उमेद देतो, हे आपण सगळेच म्हणतो. पण कसली उमेद? आणि तिची किंमत काय?

सगळ्यांत ठळक उदाहरण डिकन्सचं. त्याच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं निघायच्या, म्हणजे कादंबरी पुरी होण्याआधीच वाचकाचा निकाल हातात यायचा. १८३६ साली ‘पिकविक पेपर्स’ सुरू झाली तेव्हा खप काही शेकड्यांवर घुटमळत होता. मग सॅम वेलर हा बूट पुसणारा पोऱ्या कथेत आला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि शेवटी खप ४०,०००च्या घरात गेला. पुढे ‘मार्टिन चझलविट’चा खप मनासारखा होईना, तर या गृहस्थानं नायकाला थेट अमेरिकेला धाडलं! आता ही उमेद म्हणायची की धाक? मला वाटतं, दोन्ही.

पण खपाचा आकडा हा मुका प्रतिसाद आहे. पत्र बोलतं. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधलं मिस मौचर हे ठेंगणं पात्र एका खऱ्या बाईंवरून उचललेलं होतं. त्या बाईंनी कळवळून पत्र लिहिलं. डिकन्सनं पुढच्या भागांत त्या पात्राला चक्क सज्जन करून टाकलं. तसंच ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फॅगिनबद्दल एका ज्यू बाईंनी त्याला सुनावलं, तेव्हा त्यानं ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये रायाह नावाचा सत्त्वशील ज्यू म्हातारा आणला. १८६७च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधले ‘ज्यू’ असे कितीतरी उल्लेखही काढले. माणूस म्हणून डिकन्सनं हे केलं ते चांगलंच केलं. समीक्षक म्हणून मात्र मला म्हणावंच लागेल, की रायाह पुठ्ठ्याचा आहे. तो क्षमापत्रासारखा वागतो, माणसासारखा नाही. मिस मौचरचं वळणही कुरकुरतं. आवृत्तीतली दुरुस्ती मात्र टिकली, कारण तिथं लेखकानं स्वतःचंच वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे पत्रानं लेखकाला परत वाचायला लावलं, तर लाभ होतो. पत्राचं समाधान करण्यासाठी नवं पात्र बेतलं, की ते लंगडं निघतं.

आता आपल्याकडे या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातच क्रमशः छापली. संपादक तेच, कादंबरीकार तेच. आणि काळ कोणता? १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, त्याच्या आगेमागे पुणं नुसतं पेटलेलं होतं. अशा वातावरणात दर आठवड्याला यमूची कहाणी घरोघर जात होती, समर्थकांच्या घरी आणि विरोधकांच्याही. यमूचं केशवपन हरिभाऊंनी टाळलं नाही, तिचा शेवटही गोड केला नाही. वाचकाला रुचेल असं वळण देण्याची सोय त्यांना दर आठवड्याला होती, हे ध्यानात ठेवा. म्हणून मी म्हणतो, लेखकाला टिकवायला वाचकाची मान डोलायलाच हवी असं नाही. त्यानं पुढचा अंक उघडला पाहिजे. कादंबरीचं नाव तरी काय आहे बघा: लक्ष मागितलंय, शाबासकी नाही.

लक्ष हे रागातही असतं. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तो वाचकांचा प्रतिसादच होता की! ज्या मासिकाचं आपल्याला काहीच वाटत नाही ते माणूस रद्दीत घालतो, जाळत नाही. (हशा) नाही, हसण्यावारी नेऊ नका. त्या पिढीनं ‘सत्यकथा’ बारकाईनं वाचली होती, म्हणूनच इतकी चिडली होती.

उलट बाजूही आहे. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढा खटाटोप का? नाव मोठं झालं की कौतुक वाचनाच्या आधीच येतं. ते कौतुक लेखकाच्या काही कामाचं नसतं, कारण कथा जमली की नाही ते त्याला कळतच नाही. आज फोनवर ‘खूप छान, सर’ येतं, त्याची गत तीच आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो हो, पण त्यात कथेतलं एकही वाक्य नसतं.

आणि आता ज्यांच्यासाठी मी मुख्यतः उभा आहे ते जी.ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. सभा-समारंभ टाळणारे, फोटोला नकार देणारे. ‘काजळमाया’ला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला, तर त्यांनी पुरस्कार सरळ परत केला. असा माणूस ‘मला वाचकांशी काय करायचंय’ म्हणाला असता तर आपण मान्यच केलं असतं. पण याच माणसाच्या निवडक पत्रांचे चार खंड आहेत! पुरस्कार परत करता आला, पत्राला उत्तर न देणं जमलं नाही.

त्यातला पहिला खंड सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा. आणि सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी.ए.’ या पुस्तकात आहेत. मराठीत हा योग फार दुर्मीळ. एरवी आपण मोठ्या लेखकाची पत्रं जपतो आणि त्याला लिहिणाऱ्याची रद्दीत जातात. टेलिफोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकावं, तसं होतं ते. इथं दोन्ही बाजू ऐकू येतात.

काय ऐकू येतं? कथांमधले जी.ए. तुम्हाला माहीत आहेत: नियती, अंधार, शब्द मोजून टाकणारा निवेदक. पत्रांतले जी.ए. गप्पिष्ट आहेत, खट्याळ आहेत, एका पुस्तकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात, स्वतःची टिंगल करतात. हा आवाज कथेत मावला नसता. पुढे ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’मध्ये तो आपल्याला भेटतो. माझं म्हणणं असं, की हा आवाज पत्रांनी जागता ठेवला. समोर वाचणारं, उलट बोलणारं माणूस आहे, या भरवशावर तो चालू राहिला. सुनीताबाई तोंडदेखलं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे ‘आहे मनोहर तरी’ वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. अशा बाईंच्या पत्राची वाट बघणं आणि सत्काराच्या शालीची वाट बघणं, यांत फार अंतर आहे.

इथं एक आक्षेप येईल: सुनीताबाई काही सामान्य वाचक नव्हेत. खरं आहे. पण धारवाडच्या टेबलावर त्यांचं पत्र पडलं ते वाचकाचं पत्र म्हणूनच. आणि पत्र लिहिता लिहिता वाचकाचंही काहीतरी होत असतं, ते आपण सोडून देतो. पान-पानभर कुणाला तरी लिहायचं, आपल्याला काय वाटलं ते नेमकं सांगायचं, समोरचा फसणारा नाही हे ठाऊक असताना सांगायचं, ही गद्याची केवढी तालीम! ‘आहे मनोहर तरी’ची धार मला त्या पत्रांत आधीच दिसते. ते पुस्तक १९९० साली आलं. जी.ए. १९८७च्या डिसेंबरात गेले होते, त्यामुळे त्यावरचं त्यांचं पत्र कुठल्याच खंडात नाही.